भेट क्रमांक एक

सोमवारी दुपारी दोन वाजता मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि त्यानं एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या मारल्या. पंखा फिरत होता, समोरचा निळा दिवा लागला होता, पडदा मात्र काळा ठिक्कर. बंद केलं, पुन्हा चालू केलं. एक लांब, दोन आखूड.

आतल्या खोलीतून आमच्या ह्यांचा झोपाळलेला आवाज आला, "कोण वाजवतंय गं?"

"तुमचा कॉम्प्युटर हाका मारतोय."

"मग ओ दे की त्याला," असं म्हणून हे कुशीवर वळले.

आता आधी आमच्या दोघांबद्दल सांगते, नाहीतर पुढचा गोंधळ गोंधळ वाटायचा नाही, नुसता वेडेपणा वाटेल. मी एकतीस वर्षं रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काढली. तिथल्या दोन सवयी हाडात मुरल्या. एक, केलं ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं, वेळ घालून. दोन, चारनंतर नवी तपासणी हातात घ्यायची नाही, कारण थकलेल्या डोळ्यांना नाही ते दिसतं. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली तरी मी दूध नासलं तर तेही वहीत लिहिते. हे हसतात. हसू देत.

हे लिफ्ट दुरुस्त करायचे. अडतीस वर्षं उंच उंच इमारतींच्या गच्चीवरच्या यंत्रखोल्यांतून हिंडले. त्यांचाही एक नियम होता आणि तो माझ्या दोन्ही नियमांना भारी होता: उघडं सापडेल ते बंद करायचं, निघालेलं सापडेल ते जागेवर लावायचं, आणि मगच खाली उतरायचं. उघड्या खड्ड्यात माणूस पडतो, असं ते म्हणायचे, आणि ते उगाच म्हणत नसत. त्यांचा एक सोबती तसा पडला होता. प्रत्येक यंत्रखोलीत एक कार्ड टांगलेलं असे. भेट कितवी, काय आढळलं, काय केलं, खाली सही. एकदा साहेबानं त्या सहीवर शंका घेतली तेव्हा हे तीन दिवस कामावर गेले नव्हते. "माझी सही आहे म्हणजे मी केलंय, विषय संपला," हे वाक्य मी आमच्या संसारात इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणेन.

तर सोमवार. आमचा कॉम्प्युटर बघणारा मेकॅनिक आपल्या नव्या बाळाला बघायला सासुरवाडीला गेला होता. फोनवर मात्र भेटत होता, तोही दुपारी दोन ते चार, बाळ झोपलेलं असताना. त्याला मी फोनवरच शिट्ट्या ऐकवल्या.

"काकू, हे डिस्प्ले कार्डाचं दुखणं आहे," तो कुजबुजला. "पडद्याची केबल मागे ज्या पाटीला जोडलीय ना, ती पाटी. ती काढून पुसून लावा. जमेल?"

"एकतीस वर्षं लोकांच्या शिरा शोधल्या आहेत. स्क्रू सापडेल मला."

मी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला. त्याच्या कडा हाताला लागतात म्हणून तो नेहमीप्रमाणे भिंतीला टेकवून ठेवला, आतली बाजू भिंतीकडे. स्क्रू एका वाटीत. कार्ड काढलं, खोडरबरानं त्याचे सोनेरी दात पुसले, परत बसवलं, स्क्रू आवळला. एक लांब, दोन आखूड. मेकॅनिक म्हणाला की कार्ड बाहेरच राहू द्या, केबल थेट खालच्या भोकात जोडा आणि बघा. मी कार्ड काढलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं, टेबलाच्या वरच्या खणात ठेवलं. केबल खाली जोडली. आणि घड्याळात पाहिलं तर चार वाजून दोन मिनिटं.

आता कुणीही शहाणा माणूस बटण दाबून बघेल. मी वही काढली आणि लिहिलं: "कार्ड काढले. कागदात, वरच्या खणात. केबल खाली जोडली. पत्रा उघडा. स्क्रू वाटीत, पाच. चाचणी उद्या." आणि चहा ठेवायला गेले.

घाई एवढीच होती की रविवारी सकाळी दहाला लेकीचा फोन येतो, चेहरा दिसणारा. हातातल्या फोनवर ह्यांना तिचं नाक तेवढं दिसतं, म्हणून तो आम्ही मोठ्या पडद्यावर घेतो. रविवारपर्यंत सहा दिवस होते. पुष्कळ झाले, असं मला वाटलं.

मंगळवारी सकाळी मी नेहमीसारखी फिरून आले, स्वयंपाक, जेवण, आवराआवर केली, आणि दोन वाजता मागच्या खोलीत गेले. कॅबिनेट बंद होतं. पत्रा लावलेला. स्क्रू जागेवर, पाचही. वाटी रिकामी आणि पालथी. मागे वाकून पाहिलं तर केबल वर, कार्डाला जोडलेली. म्हणजे कार्डही आत. खण उघडला, आत वर्तमानपत्र होतं, चौकोनी घडी घातलेलं.

मी वही उघडली. माझंच अक्षर. "पत्रा उघडा."

"अहो," मी आत जाऊन विचारलं, "तुम्ही कॉम्प्युटर लावलात का परत?"

हे खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होते. सकाळी घातलेलं पाणी अजून बशीत साचलेलं होतं, त्यावर हे आणखी घालत होते. "मी? मला काय कळतंय त्यातलं? लिफ्ट असती तर गोष्ट वेगळी."

"आणि पाणी किती घालताय! रोपाला पोहायला शिकवताय का?"

"कोरडं दिसलं मला," ते म्हणाले.

मी परत आले आणि उभी राहिले. ह्यांना खोटं बोलता येत नाही. खोटं बोलले की कानाच्या पाळ्या लाल होतात, लग्नापासून बघतेय. आत्ता पाळ्या जागच्या जागी होत्या. म्हणजे पत्रा मीच लावला होता? मग लिहिलं का नाही? आणि लिहिलं ते काय होतं?

बटण दाबलं. आता शिट्ट्याही वेगळ्या! लांब, लांब, लांब, थांबायचं नाव नाही. मेकॅनिकला ऐकवल्या.

"काकू, ही तर रॅमची तक्रार आहे. कार्डाचं सोडा. आत त्या लांबट हिरव्या पट्ट्या आहेत ना दोन, त्या काढून पुसा. पण काल तुम्ही कार्ड बाहेर ठेवलं होतंत ना?"

"हो. म्हणजे... हो," मी म्हटलं.

त्या दिवशी चारला मी एक पट्टी काढून चष्म्याच्या जुन्या डबीत ठेवली. पत्रा उघडाच. वहीत लिहिलं आणि लिहिलेल्याखाली दोनदा रेघ ओढली. मग मला त्या रेघांचीच भीती वाटली.

कारण माझी मोठी बहीण, आमची ताई, अशाच रेघा ओढायची. तिचं सुरू झालं तेव्हा कात्री तांदळाच्या डब्यात सापडली होती आणि आम्ही सगळे हसलो होतो, तीही हसली होती. मग ती याद्या करायला लागली. दूध आणले, खूण. दार लावले, खूण. दार सताड उघडं असायचं आणि यादीत खूण असायची, खाली दोन रेघा. तू असं कसं लिहिलंस गं, म्हटलं की ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मीच दार उघडलंय. सात वर्षं मी तिचं केलं. शेवटी ती मला बाई म्हणायची. "बाई, माझी बहीण येणार होती, आली का?" दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि लोकांनी सांत्वन केलं, पण मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं झालं होतं. पाठोपाठ एक विचारही आला होता, की आता रांगेत पुढे कोण.

बुधवारी दोन वाजता कॅबिनेट बंद होतं. पाचही स्क्रू आत. चष्म्याची डबी रिकामी, झाकण नीट मिटलेलं.

मी खुर्चीत बसून घेतलं. मनातल्या मनात शंभरातून सात वजा करत गेले: त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. ताईला डॉक्टर हेच करायला लावायचे. मी थेट दोनपर्यंत उतरले, कुठे अडले नाही. मग रक्ताच्या नळ्यांच्या बुचांचे रंग आणि कुठल्या रंगाची नळी कशासाठी हे सगळं घडाघड म्हटलं. तेही बरोबर. मग उलट वाटायला लागलं: ताईलाही जुनं सगळं पाठ होतं की. जात होतं ते कालचं.

बटण दाबलं. शिट्टीच नाही. पंखा फिरतोय, दिवा लागलाय, आणि यंत्र मुकं.

"काकू," मेकॅनिक म्हणाला, "मी पंधरा वर्षं हे काम करतोय. मशीन असं रोज आजार बदलत नाही. तुम्ही नक्की काय काय केलंत ते एकदा सांगा बरं नीट."

मी वहीतून वाचून दाखवलं. मग तो फार मऊ आवाजात म्हणाला, "काकू, तुम्ही जरा विश्रांती घ्या. मी आलो की बघतो."

तो मऊ आवाज मला झोंबला. मी हाच आवाज ताईसाठी वापरायचे. फोन ठेवला आणि कधी नव्हे ते त्या लेकुरवाळ्या माणसाला मनसोक्त शिव्या घातल्या, अर्थात फोन बंद झाल्यावर. मग हट्टानं पत्रा पुन्हा काढला, दोन्ही पट्ट्या काढल्या, पुसल्या, टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या, वहीत लिहिलं आणि चारला उठले. रात्री जेवताना ह्यांना पुन्हा विचारलं, "अहो, खरं सांगा, कॉम्प्युटरला हात लावताय का तुम्ही?"

ह्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. काहीतरी बोलणार होते, पण बोलले नाहीत. "नाही गं," म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला. मला कळेना की मला लहान पोरीसारखं का वाढताहेत. त्यांना माझ्यातलं काही दिसलं होतं की काय?

गुरुवारी सगळं जागच्या जागी होतं. अपेक्षाच होती. त्या दिवशी मी यंत्राला हात लावला नाही. दुपारभर वही पुढून मागे, मागून पुढे वाचली. लिहिलेलं खरं मानावं तर समोर दिसतंय ते खोटं, आणि दिसतंय ते खरं मानावं तर एकतीस वर्षं जिच्या जिवावर लोकांना गोड रोग आणि कडू बातम्या सांगितल्या ती वही खोटी. रविवार जवळ येत होता. लेक डोळ्यात तेल घालून बघते. माझा शब्द अडखळला तरी तिला कळेल. ती लगेच सुट्टी काढून येईल, डॉक्टर गाठेल, आणि मग मी ताईच्या खुर्चीत बसेन. आणि ह्यांचं कोण करणार? ह्यांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत.

शुक्रवारी मी ठरवलं की हा निकाल लावायचा, आणि तो माझ्या पद्धतीनं. मला रक्ताच्या नमुन्यांची मोहोर माहीत होती. नमुना पाकिटात, पाकिटाची कड चिकटवलेली, चिकटवलेल्या जागेवर आडवी सही, तारीख, वेळ. सही तोडल्याशिवाय पाकीट उघडत नाही. मी डिस्प्ले कार्ड काढलं, खाकी पाकिटात घातलं, डिंकानं बंद केलं, आडवी सही ठोकली. वरच्या खणात ठेवलं. पत्रा भिंतीला टेकवला. वहीत लिहिलं. उद्या पाकीट फाटलेलं दिसलं तर घरात कुणीतरी आहे. अखंड दिसलं तर जे काही आहे ते माझ्याच डोक्यात. दोन्हींतून काहीतरी कळणारच होतं.

शनिवारी कॅबिनेट बंद होतं. कार्ड आत होतं. आणि खणात पाकीट नव्हतंच. फाटलेलं नाही, अखंड नाही, तुकडाही नाही.

ही शक्यता मात्र मी धरलीच नव्हती. मी सगळे खण उपसले. केराची बादली पाहिली, तर ती सकाळीच रिकामी झालेली. डिंकाची बाटली तिच्या जागी, टोपण घट्ट. मग पाकीट होतं तरी का? की मी नुसतं लिहिलं, ताईच्या दुधासारखं, आणि खूण केली? मी फोन हातात घेतला आणि लेकीचा नंबर काढला. उद्यापर्यंत थांबण्यात अर्थ नव्हता. तिला सांगायचं, बाळ, माझं सुरू झालंय, तू ये आणि बाबांना आधी सांभाळ.

पण नंबर लावण्याआधी एकदा, शेवटचं, कार्ड खरंच आत आहे का ते हातानं चाचपून बघावंसं वाटलं. फोन खाली ठेवला. स्क्रू काढले. घाईत पत्रा निसटला, खणकन जमिनीवर आपटला आणि आतली बाजू वर करून पडला.

आतल्या बाजूला एक पुठ्ठ्याचं कार्ड चिकटवलेलं होतं.

औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा, सरळ कापलेला. पेन्सिलीनं ओढलेल्या रेघा, चार रकाने. ह्यांचं टपोरं अक्षर. पहिली ओळ गेल्या रविवारची: "धूळ आढळली. सर्व भाग काढून साफ केले, जागेवर लावले, बंद केले." सही. मग मंगळवार, सकाळी साडेसहा: "उघडे आढळले. सुटा भाग खणात. जागेवर लावला, बंद केले." सही. बुधवार. गुरुवार. शनिवार. साडेसहा, पावणेसात, साडेसहा. मी फिरायला जाते तेव्हाची वेळ. शनिवारच्या ओळीत जास्तीचं एवढंच: "पाकीट फोडले, केरात टाकले."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतका की मी जमिनीवर बसून मोठ्यांदा हसले. मी नव्हे! मी नव्हे, हा उपद्व्यापी माणूस! माझी वही खरी, माझं पाकीट खरं, माझं डोकं ठिकाणावर. आणि मग जो राग आला म्हणता! पाच दिवस माझा जीव टांगणीला लावून हा माणूस मला भात वाढत होता. मी पत्रा उचलला आणि तसाच हातात घेऊन तरातरा आतल्या खोलीकडे निघाले.

दारापर्यंत पोचले तेव्हा पहिल्या रकान्याकडे लक्ष गेलं. भेट क्रमांक.

रविवार, एक. मंगळवार, एक. बुधवार, एक. गुरुवार, एक. शनिवार, एक.

वरच्या ओळी समोर दिसत होत्या, ह्यांच्याच अक्षरातल्या. तरी दर वेळी ह्यांनी खाली पुन्हा एक लिहिला होता. अडतीस वर्षांत ह्यांचा भेटीचा आकडा कधी चुकला नव्हता. मी दारात उभी राहिले. आत जावंसं वाटेना. थोड्या वेळापूर्वी हसले होते, त्याची लाज वाटली.

हे पलंगावर बसून चष्मा पुसत होते. माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं, पत्रा घेऊन कुठे निघालीस? लढाईला?"

मी शेजारी बसले. पत्रा दोघांच्या मांडीवर ठेवला. "हे अक्षर कुणाचं?"

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. बोट पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत हळूहळू खाली आणलं आणि पुन्हा वर नेलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या नाहीत. चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"सही माझी आहे," ते म्हणाले. मग सहीवर बोट टेकवून म्हणाले, "म्हणजे मी केलंय."

"आठवत नाही का काहीच?"

"उघडं दिसलं म्हणून लावलं, एवढं आठवतं. पण ते एकदाच." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू रोज तेच तेच विचारत होतीस, हात लावलात का, हात लावलात का. मला वाटलं, तुला ताईंसारखं व्हायला लागलंय. मी घाबरून गेलो होतो. म्हणून बोललो नाही."

म्हणून तो भात होता. मला रडू आलं आणि मी रडले, लपवलं नाही. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मोठा, खरखरीत, आणि ठेवूनच दिला.

थोड्या वेळानं तेच म्हणाले, "चल. बिघाड काय आहे तो तरी बघू."

मागच्या खोलीत गेल्यावर ते यंत्रासमोर ओणवे झाले. हात लावला नाही, नुसतं एका बाजूनं डोळा बारीक करून पाहिलं. "हे कार्ड तिरकं बसतंय. याची बाहेरची पट्टी वाकलीय. पट्टीचा स्क्रू आवळला की कार्डाचं मागचं टोक वर उचलतंय. बघ. त्या रविवारी साफ करताना मीच वाकवली असणार."

मी आठवडाभर स्क्रू आवळत होते. त्यांनी पकडीनं पट्टी किंचित सरळ केली, कार्ड बसवलं, सैल बसलेल्या रॅमच्या पट्ट्या टक् टक् दाबल्या, शिट्टीच्या भोंग्याची लोंबकळणारी एक बारीक वायर बोटाच्या टोकानं जागेवर खोचली. हात कुठे चाचपडला नाही. एक शब्द चुकला नाही, एक स्क्रू हातातून पडला नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते. मी बटण दाबलं. एकच छोटी शिट्टी आली आणि पडदा उजळला.

मी वही ओढून वेळ लिहिली.

"लेकीला सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"सांगावं लागेल."

"सांग. पण मी समोर असताना सांग. माझ्यामागे कुजबुजायचं नाही. ताईंच्या वेळी आपण सगळे दारामागे कुजबुजायचो, आठवतंय? त्या सगळं ऐकायच्या." ते थांबले. "आणि मी उद्या नाही म्हणालो तर?"

याचं उत्तर त्यांनाच सुचलं. खिशातून पेन्सिल काढली, पुठ्ठ्यावर एक ओळ उरली होती तिथे सावकाश लिहिलं. आकड्यापाशी अडले, वरच्या ओळी बोटानं मोजल्या, मग सहा लिहिला. पत्रा लावताना तो पुठ्ठा मात्र मी आधी सोडवून घेतला आणि वहीत ठेवला.

रविवारी दहाला लेकीचा चेहरा पडदाभर उमटला. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, खूश होते.

"आई, कॉम्प्युटर बिघडला होता म्हणे? मेकॅनिकनं निरोप ठेवला होता मला, काकूंची काळजी घ्या म्हणून. काय झालं होतं?"

"कॉम्प्युटर?" हे हसले. "अगं, ह्याला काय धाड भरलीय? एक दिवस बंद पडला नाही."

लेकीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काळजी होती आणि ती माझ्यासाठी होती. आत्ता हो म्हटलं असतं, हसून नेलं असतं, तर आणखी एक रविवार मिळाला असता. मला तो हवाही होता. ह्यांच्या शर्टाची कॉलर इतकी कडक होती, ते इतके मजेत होते.

मी वही उघडली. पुठ्ठा काढून ह्यांच्या हातात दिला.

"हे काय?" म्हणाले. चष्मा लावला. वरच्या पाच ओळी वाचल्या, मग सहावी वाचली. मला ती पाठ होती. "मला विसर पडतो आहे. मुलीला सांगायचे. माझ्यासमोर." खाली सही.

पडद्यावर लेक विचारत होती, "बाबा? आई, काय आहे ते? मला दाखवा ना."

ह्यांनी सहीवरून अंगठा फिरवला. एकदा माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं काही शोधत असल्यासारखं वाटलं. मग ते खुर्चीत ताठ बसले.

"सही माझी आहे," ते म्हणाले. "वाच तू."

मी वहीचं पान उलटलं आणि सोमवारपासून वाचायला सुरुवात केली.